मुलगा ओढणी घेऊन नाचतो, डॉक्टरकडे न्यायचं का?

प्रश्न: माझा मुलगा 7 वर्षांचा आहे, आम्ही सिंहगड रोडला राहतो. त्याला पहिल्यापासून भातुकली, बांगड्या, माझी ओढणी घेऊन नाचणं हेच आवडतं, बॉलला हात लावत नाही. आधी घरात सगळे कौतुकाने व्हिडिओ काढायचे, आता त्यावरूनच ओरडा बसतो. यंदा सोसायटीच्या गणपतीत त्याला मुलींच्या ग्रुपमध्ये डान्स करायचाय, तर चुलत सासूबाई सगळ्यांसमोर "बायल्या होणार हा" म्हणाल्या आणि मिस्टरांनी लगेच क्रिकेट कोचिंगला घातलं. आता कोचिंगची वेळ झाली की पोटात दुखतं म्हणतो. डॉक्टरला दाखवू का?
– एक आई, पुणे

उत्तर: ताई, पोटासाठी जरूर दाखवा, ओढणीसाठी अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी 2022 पासून लागू झाली, आयसीडी-11, त्यात स्पष्ट म्हटलंय की नुसत्या वागण्या-आवडींवरून मुलाचं जेंडरबद्दल कसलंही निदान करायचं नाही. आणि कोणी "सरळ करून देतो" म्हणालं तर तिथून उठून या, असल्या कन्व्हर्जन थेरपीला डॉक्टरांचं नियमन करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय.

पुढे हा कोण होणार, हे तुम्ही विचारलं नाहीये पण मनात असणारच. अशी काही मुलं पुढे गे असतात, काही ट्रान्स, काहींचं यातलं काहीच नसतं, सातव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही आणि क्रिकेटने त्यात काडीचा फरक पडत नाही. तो फक्त लपवायला शिकतो, आणि एकदा ती सवय लागली की उद्या शाळेत कोणी त्रास दिला तरी घरी सांगणार नाही, मला काळजी याची वाटते.

मुलगी झाडावर चढली की "आमची पोरगी मुलासारखी आहे" म्हणून आपण मिरवतो, निदान वयात येईपर्यंत तरी. मुलाने बांगड्या घातल्या की मात्र घराची अब्रू जाते. म्हणजे बाईसारखं असणं खालचं, हे आपण त्याला शिकवतो आणि घरातल्या मुलींनाही, याचा मला मनापासून राग येतो. तेही पुण्यात, जिथे जंगली महाराज रोडवरच्या रंगमंदिराला बालगंधर्वांचं, म्हणजे नारायणराव राजहंसांचं नाव आहे, ज्यांच्या स्त्रीभूमिकांतल्या साड्या-दागिने बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या.

मिस्टरांशी मुलगा झोपल्यावर बोला. त्यांच्या मनात बहुतेक भीती आहे, की व्हॅनमधली पोरं याला चिडवतील. भीती खोटी नाही, पण मग क्लासटीचरशी आणि व्हॅनवाल्या काकांशी आधीच बोलून ठेवायचं, त्याची शिक्षा पोराला कशाला? चुलत सासूबाई परत काही म्हणाल्या तर त्याच्यासमोरच, आवाज न चढवता, "काकू, त्याला नाचायला आवडतं आणि आम्हाला त्याचा नाच आवडतो" एवढंच म्हणा, हे त्याच्या कानावर पडणं जास्त गरजेचं आहे. कोचिंग तूर्त बंद करा.

गणपतीत नाचायचंय का, हे त्याला आता परत एकदा विचारा. हो म्हणाला तर प्रॅक्टिसला सोडायला बाबांना पाठवा. नको म्हणाला तर जबरदस्ती नाही, पण कोण काय बोललं, ते जवळ घेऊन विचारा.