दवाखाना फुकट आहे, मग लोक का येत नाहीत?

प्रश्न : आम्ही काही जण मिळून एका वस्तीत आरोग्य शिबिर घेतो. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, तरी निम्मे लोक येतच नाहीत आणि ज्यांना मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं त्यातलेही बरेच गेले नाहीत. आमच्यातले काही म्हणतात की या लोकांनाच स्वतःच्या तब्येतीची पडलेली नाही. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

उत्तर : पटत नाही तेच बरोबर आहे. आधी सांगा, शिबिर किती वाजता असतं? सकाळी दहा ते दोन असेल तर रोजंदारीवाल्या माणसासाठी ते फुकट नाहीच, त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि तान्हं मूल असलेल्या बाईची सुरुवात मूल कुणाकडे ठेवू इथूनच होते.

बाळंतपणात बायका का दगावतात याचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले होते. पहिला उशीर जायचं ठरवण्यात, दुसरा पोचण्यात, तिसरा पोचल्यावर उपचार मिळण्यात. बाकीच्या आजारांनाही हे लागू पडतं असं मला वाटतं. आपण सगळे दुसऱ्या उशिरावरच अडकतो, म्हणजे गाडीची सोय केली की झालं. पण पहिला आणि तिसरा एकमेकांत गुंतलेले असतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा डॉक्टर नव्हते, उद्या या म्हणाले, खिडकीवरचा माणूस सगळ्यांसमोर खेकसला, हे ज्याच्या बाबतीत झालं तो पुढच्या वेळी दुखणं अंगावरच काढतो आणि शेजाऱ्यालाही सांगतो की जाऊन काही उपयोग नाही. त्याला बेफिकीर कसं म्हणायचं, तो अनुभवाने शिकलाय.

वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी मिळते, आणि आरोग्यसेवा जितकी बाजारावर सोडाल तितकं हे वाढतं. मला त्यांचं कामही तितकंच मोठं वाटतं. दवाखान्यात येईल त्याचंच बीपी बघायचं असं न करता त्यांनी गावातल्या प्रत्येक पेशंटचं बीपी मोजायचं ठरवलं, न येणाऱ्याचंसुद्धा.

तुम्हीही तेच करा. आलेल्यांची यादी तुमच्याकडे असेलच, आता न आलेल्यांची बनवा आणि घरी जाऊन विचारा. फक्त "का नाही आलात" असं विचारू नका, त्यात दोष दिल्यासारखं होतं, "काय अडलं" असं विचारा. एखादं शिबिर संध्याकाळी ठेवून बघा. आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नका, वस्तीतलंच कुणीतरी सोबत जाऊ द्या ज्याला कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो हे माहीत आहे. बरीच माणसं तिथेच गळतात हो.

प्रश्न : पण सगळ्यांना सारखीच सेवा दिली तर अन्याय कुठे होतो? मशीन काही माणूस बघून रीडिंग देत नाही.

उत्तर : कधीकधी देतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्या. ते त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन ओळखतं आणि त्वचा गडद असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटवरचा एक अभ्यास आला, त्यात ऑक्सिजन खरोखर कमी असूनही मशीनने ठीक दाखवलं असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्या पेशंटच्या जवळपास तिप्पट वेळा झालं होतं. मशीन तेच, नियमही तोच की अमुक आकड्याच्या खाली गेला तरच ऑक्सिजन लावायचा, आणि त्या नियमानेच काही जण मागे राहिले. म्हणून शिबिरात आकडा चांगला दिसतोय पण माणसाला धाप लागलीय, बोलताना दम तुटतोय, तर आकड्यावर थांबू नका, त्याला लगेच पुढे पाठवा.