चिनी कंपनीशी व्यवहार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दर पाच टक्के कमी करा म्हटल्यावर कारखान्याचा मॅनेजर बैठकीत ‘येनज्यू येनज्यू’ म्हणाला. दुभाष्याने ‘अभ्यास करून सांगतो’ असं सांगितलं. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. पुन्हा विचारू का?

उत्तर तुम्हाला त्याच दिवशी मिळालं आहे. हे आपल्या ‘बघू’सारखंच आहे. चारचौघांत तोंडावर ‘नाही’ म्हटलं की दोघांचीही ‘म्येनत्झ’, म्हणजे पत, जाते, म्हणून नकार असा गुंडाळून येतो. ‘थोडं अवघड आहे’ हाही तोच नकार. ‘मेइ वेनथी’, म्हणजे ‘काही अडचण नाही’, याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकलं’ एवढाच.

हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न टाळा. ‘पाच टक्के जमेल का?’ ऐवजी ‘कोणत्या प्रमाणाला कोणता दर?’ किंवा ‘पॅकिंग बदललं तर किती फरक पडेल?’ असं विचारा. तेही वीचॅटच्या (तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) ग्रुपवर नको. त्या माणसाला एकट्याला. सदोष मालाचे फोटोही तसेच. ग्रुपवर टाकले तर मॅनेजर वरिष्ठांसमोर उघडा पडतो आणि दुरुस्तीपेक्षा बचावाच्या मागे लागतो. आधी खासगीत कळवा, मग ठरलेली दुरुस्ती ग्रुपवर लेखी घ्या.

प्रश्न : करारावर मॅनेजरची सही आहे, शिक्का नाही. चालेल?

चालवून घेऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या चीनच्या नागरी संहितेनुसार सहीनेही करार होतो, पण सही करणाऱ्याला तो अधिकार होता का, यावरून वाद निघू शकतो. शिक्का असला की कंपनीला हात झटकणं अवघड जातं.

कंपनीचा अधिकृत शिक्का लाल आणि गोल असतो, कडेने चिनीत कंपनीचं नाव आणि मध्ये बहुधा पाचकोनी तारा. त्याची नोंद पोलिस खात्याकडे होते. करारासाठी तो किंवा ‘करारांसाठी’ असं कोरलेला वेगळा शिक्का घ्या. लेखा विभागाचा किंवा बिलांचा शिक्का उमटवून दिला तर परत पाठवा.

मग व्यवसाय परवान्याची प्रत मागा आणि शिक्क्यावरचं नाव परवान्याशी एकेक अक्षर ताडून पाहा. इंग्रजी नावावर विसंबू नका; नोंदणी चिनी नावाचीच असते. परवान्यावरचा १८ अंकी-अक्षरी क्रमांक सरकारच्या कंपनी नोंदणी संकेतस्थळावर तपासता येतो. अनेक पानांचा करार असेल तर पानं किंचित पसरून त्यांच्या कडांवर एकच शिक्का आडवा मारून घ्या, म्हणजे मधलं पान बदललं तर तुकडे जुळत नाहीत. आणि पैसे पाठवण्याआधी बँक खातं त्याच चिनी कंपनीच्या नावावर आहे का, ते पाहा. ‘खातं बदललं आहे’ असा मेल ऐन वेळी आला तर ओळखीच्या माणसाला व्हिडिओ कॉल करून विचारल्याशिवाय एक युआनही पाठवू नका.

प्रश्न : मी दारू पीत नाही आणि शाकाहारी आहे. मेजवानीत कसं वागावं?

दारूचं पहिला पेला भरण्याआधीच सांगा. दोन पेले पिऊन तिसऱ्याला नको म्हणणं जास्त खटकतं, कारण पाजणाऱ्याला वाटतं, आताच काय झालं? चहाने साथ देण्याची रीत तिथे आहेच. यजमान ‘गानबेइ’, म्हणजे ‘पेला रिकामा करा’, म्हणाला की चहाचा पेला उचला. वरिष्ठाच्या पेल्याला टेकवताना आपल्या पेल्याची कड त्याच्यापेक्षा खाली ठेवा. हे बारकाईने पाहिलं जातं. बसायची घाई नको. दाराकडे तोंड असलेली खुर्ची सहसा यजमानाची, तिच्या उजवीकडची मुख्य पाहुण्याची.

जेवणाचं मात्र आदल्या दिवशीच कळवा. नुसतं ‘मांस नको’ पुरत नाही. भाजीत डुकराची चरबी, मांसाचा रस्सा किंवा कालवांचा सॉस असू शकतो. ही नावं चिनीत लिहून घ्या आणि तो कागद वाढप्याला दाखवा.

प्रश्न : भेट काय न्यावी?

घड्याळ सोडून बरंच काही. ‘घड्याळ भेट देणं’ याचा चिनी उच्चार ‘अखेरचा निरोप देणं’ यासारखाच होतो. छत्री नको (‘सान’, उच्चार ‘पांगणं’सारखा) आणि चार नगांचा संचही नको (‘स्स’, उच्चार ‘मरण’सारखा). पांढरं वेष्टनही टाळा. भेट दोन्ही हातांनी द्या. समोरच्याने आधी नको म्हटलं तर ते खरं धरू नका, पुन्हा एकदा पुढे करा. मात्र सरकारी कंपनीतल्या माणसाला महागडं काही देऊ नका. तो लाचेच्या चौकशीत सापडू शकतो.