सर्किटची आकृती स्लाइडवर आणि वर्डच्या रिपोर्टमध्ये धूसर का दिसते?

तुमचा प्रश्न असा: कीकॅडमध्ये काढलेल्या सर्किटचा स्क्रीनशॉट पॉवरपॉइंटमध्ये आणि वर्डमध्ये टाकला की रेघा फाटतात, आकडे वाचता येत नाहीत, आणि चित्र मोठं केलं की आणखी बिघडतं. उपाय काय?

स्क्रीनशॉट घेणं बंद करा. निम्मं दुखणं तिथेच संपतं. उरलेलं निम्मं अक्षरांच्या मापाचं असतं आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून दोन्ही सांगतो.

आधी स्क्रीनशॉटचा हिशेब पाहा. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर सर्किटने साधारण ९०० पिक्सेल रुंदी व्यापलेली असते. ए-फोर पानावर मजकुराची रुंदी सुमारे १६ सेंटीमीटर, म्हणजे ६.३ इंच. ९०० भागिले ६.३, म्हणजे इंचाला जेमतेम १४३ पिक्सेल. रेघांच्या चित्राला छपाईत इंचाला ६०० पिक्सेल लागतात, म्हणजे त्याच जागेसाठी सुमारे ३,८०० पिक्सेल रुंदीचं चित्र हवं. फोटोला ३०० पुरतात, कारण फोटोत रंग हळूहळू बदलत जातो. सर्किटमध्ये काळ्यालगत एकदम पांढरं येतं, त्यामुळे कडेचा जरासा दातेरीपणाही डोळ्यांत खुपतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे पिक्सेल नसलेलं, व्हेक्टर चित्र वापरणं, म्हणजे ज्यात रेघा गणिताने साठवलेल्या असतात आणि कितीही मोठं केलं तरी फाटत नाही असं चित्र. कीकॅडच्या स्कीमॅटिक एडिटरमध्ये फाइल मेन्यूतून 'प्लॉट' उघडा आणि फॉरमॅट 'एसव्हीजी' (व्हेक्टर चित्राची फाइल) निवडा. 'प्लॉट ड्रॉइंग शीट'ची खूण काढा, नाहीतर बाहेरची चौकट आणि खालचा शीर्षकाचा तक्ता चित्रात येतो आणि निम्मी जागा खातो. रिपोर्टसाठी रंग 'ब्लॅक अँड व्हाइट' ठेवा. कीकॅडच्या नेहमीच्या रंगसंगतीत तारा हिरव्या आणि आयसीच्या चौकोनात फिकट पिवळा रंग असतो. कृष्णधवल झेरॉक्समध्ये तो पिवळा राखाडी होतो आणि पिन नंबर त्यात बुडतात. पार्श्वभूमीचा रंग छापण्याची खूणही काढा.

आता ती फाइल इंकस्केपमध्ये (व्हेक्टर चित्रं हाताळणारं सॉफ्टवेअर) उघडा, कारण पान अजून ए-फोरच आहे आणि सर्किटभोवती मोकळी जागा आहे. सगळं निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबा, की पान सर्किटच्या मापाचं होतं. सेव्ह करा. कीकॅडच्या एसव्हीजीमध्ये अक्षरं रेघांनी काढलेली असतात आणि शोधता यावीत म्हणून त्यांच्या जोडीला अदृश्य मजकूरही ठेवलेला असतो. पुढे कुठे अक्षरं दुहेरी दिसली, तर तो मजकूर निवडून काढून टाका.

ऑफिस २०१९ किंवा ३६५ असेल तर ही एसव्हीजी 'इन्सर्ट पिक्चर'ने थेट घ्या. लिब्रेऑफिसही ती घेतं. गूगल स्लाइड्स घेत नाही, तिथे पीएनजी, म्हणजे पिक्सेलचंच चित्र द्यावं लागतं. जुन्या ऑफिससाठी इंकस्केपमधून 'ईएमएफ' (विंडोजचा व्हेक्टर फॉरमॅट) म्हणून सेव्ह करा. विंडोजवर ती नीट चालते, मॅकवरच्या पॉवरपॉइंटमध्ये मात्र बऱ्याचदा धूसर दिसते, तेव्हा सादरीकरण कुठल्या मशीनवर होणार ते आधी विचारून घ्या. कीकॅडऐवजी एलटीस्पाइस हे सर्किटचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'टूल्स' मेन्यूतला 'कॉपी बिटमॅप' टाळा आणि तिथलाच ईएमएफ फाइलचा पर्याय घ्या. प्रोटिअस या तशाच सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स्पोर्ट ग्राफिक्स'खाली मेटाफाइल आणि पीडीएफ हे दोन्ही पर्याय मिळतात.

आता अक्षरांचं माप. कीकॅडमध्ये अक्षराची मूळ उंची ५० मिल, म्हणजे १.२७ मिलिमीटर असते. आडवं ए-फोर २९७ मिलिमीटर रुंद असतं. ते अख्खं पान तुम्ही १६० मिलिमीटरच्या जागेत बसवलंत, तर अक्षर ०.६८ मिलिमीटरचं उरतं. पुस्तकातल्या १० पॉइंटच्या इंग्रजी मजकुरात मोठं अक्षर साधारण अडीच मिलिमीटर असतं. म्हणजे चित्र कितीही रेखीव असलं तरी भिंग लागणारच. तेच सर्किट कडेने कापून १२० मिलिमीटरवर आणलं आणि १६० ला बसवलं, तर अक्षर १.७ मिलिमीटरचं होतं आणि वाचता येतं.

स्लाइडवर हे आणखी कडक पाळावं लागतं. रुंद स्लाइडची रुंदी ३३.८७ सेंटीमीटर असते. फुल एचडी प्रोजेक्टरवर तिच्या एका मिलिमीटरच्या वाट्याला साडेपाचाहून थोडे जास्त पिक्सेल येतात. कीकॅडची तार मुळात ६ मिल, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीची. अख्खं ए-फोर स्लाइडभर पसरलं की ती तार पडद्यावर जेमतेम एक पिक्सेल उरते, दोन पिक्सेलच्या मध्ये पडली की राखाडी होते आणि मागच्या बाकावरून दिसतच नाही. म्हणून एका स्लाइडवर मूळ सर्किटचा ८ ते १० सेंटीमीटरपेक्षा रुंद तुकडा घेऊ नका. ८ सेंटीमीटरचा तुकडा ३० सेंटीमीटर केला, तर अक्षर पावणेपाच मिलिमीटरचं आणि तार तीन पिक्सेलची होते. पॉवर सप्लाय एका स्लाइडवर, सेन्सरचा अँप्लिफायर दुसऱ्या, मायक्रोकंट्रोलर तिसऱ्या. पूर्ण सर्किट दाखवायचंच असेल तर ठोकळ्यांची आकृती द्या आणि पूर्ण पान छापून हातात ठेवा.

धूसर चित्रात सगळ्यात आधी टिंबं जातात, आणि सर्किटमध्ये टिंबालाच अर्थ असतो. ४.७ किलोओहममधला दशांश बिंदू गेला की वाचणारा ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावतो. म्हणून किंमत '४के७' अशी लिहावी. बिंदूच्या जागी अक्षर आलं की ते हरवत नाही. दुसरं टिंब तारांच्या जोडाचं. दोन तारा नुसत्या एकमेकींवरून जात आहेत की जोडलेल्या आहेत, हे त्या टिंबावरूनच कळतं. 'स्कीमॅटिक सेटअप'च्या 'फॉरमॅटिंग' पानावर जोडाच्या टिंबाचं माप एक पायरी मोठं करा. त्याहून चांगलं म्हणजे चार तारा एका बिंदूवर आणूच नका. एक तार ५० मिल सरकवून दोन टी-जोड केले, की टिंब पुसलं गेलं तरी अर्थ बदलत नाही. ही शिस्त मला चित्राच्या रेखीवपणाइतकीच महत्त्वाची वाटते.

पीएनजी द्यावीच लागली, तर इंकस्केपच्या 'एक्स्पोर्ट'मध्ये आधी चित्राची पानावरची खरी रुंदी ठरवा आणि मग पिक्सेल काढा. रिपोर्टसाठी इंच गुणिले ६००. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या जर्नलमधला एक कॉलम साडेतीन इंचांचा असतो आणि रेघांच्या चित्राला तेही ६०० च मागतात, म्हणजे २,१०० पिक्सेल. स्लाइडसाठी सुमारे ३,४०० पुष्कळ झाले. जेपीईजी अजिबात नको. ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करून त्यातला बारीक तपशील टाकून देते, त्यामुळे प्रत्येक काळ्या रेघेभोवती मळकट सावली उमटते आणि नंतर पीएनजीत बदलून ती जात नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्रही असंच दाबलं जातं. पाठवायचंच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

एवढं करूनही वर्ड घात करू शकतं. फाइल सेव्ह होताना ते चित्रं इंचाला २२० पिक्सेलवर आणतं आणि तुमचे ६०० वाया जातात. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड', मग 'इमेज साइझ अँड क्वालिटी' इथे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर खूण करा. ही खूण त्या एकाच फाइलपुरती असते आणि चित्र टाकण्याआधी करावी लागते. एकदा दाबलेलं चित्र पूर्ववत होत नाही, पुन्हा टाकावं लागतं. पॉवरपॉइंटमध्येही हीच जागा.

गडद रंगाच्या स्लाइडवर आणखी एक अडचण येते. पार्श्वभूमी काढलेलं चित्र पारदर्शक असतं, त्यामुळे काळ्या रेघा काळ्यावर जातात. चित्रामागे पांढरा आयत ठेवून दोघांचा ग्रुप करा. आकार बदलताना कोपराच धरा, बाजूची मूठ ओढली की कॅपॅसिटरच्या दोन रेघांमधलं अंतरही ताणलं जातं.

लेटेकमध्ये (शोधनिबंध जुळवण्याचं सॉफ्टवेअर) काम असेल तर एसव्हीजीच्या वाटेला जाऊ नका. कीकॅडमधून पीडीएफ प्लॉट करा, कडा कापा आणि तीच पीडीएफ घ्या, ती व्हेक्टरच राहते.

शेवटी वर्डची पीडीएफ करून ८०० टक्के मोठी करून पाहा. रेघेची कड धारदार राहिली तर व्हेक्टर पोहोचलं. पायऱ्या दिसल्या तर वाटेत कुठेतरी चित्राचे पिक्सेल झाले. वर्डची फाइल एसव्हीजीबरोबर एक पीएनजीही ठेवते आणि जुनं ऑफिस तीच दाखवतं. तेव्हा ज्या मशीनवर एसव्हीजी टाकली तिथेच पीडीएफ करा आणि छपाईच्या दुकानात पीडीएफच न्या.