उगाळलेला राग

रोजच्या बारीकसारीक चिडचिडीबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न आज घेते.

प्रश्न: डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज फास्ट लोकलने जातो. परवा घाटकोपरला उतरणाऱ्या एकाचं कोपर लागलं आणि वर त्यानेच मला सुनावलं. मी गप्प राहिलो. पण 'असं बोलायला हवं होतं' हे दुपारी डबा खाईपर्यंत डोक्यात फिरत होतं. विसरायचं ठरवलं की जास्तच आठवतं.

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. १९८७ साली डॅनियल वेगनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काही जणांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. मनात आलंच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. नंतर विचार करायची मुभा दिल्यावर तर या मंडळींना अस्वल जास्तच आठवलं, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही. मात्र 'अस्वल आठवलं तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगन डोळ्यांसमोर आणा' असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यात ही उसळी कमी दिसली. मनाला नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

तुमची 'लाल गाडी' आधीच ठरवून ठेवा. आज ऑफिसात पहिलं काम कोणतं, त्याचे टप्पे कोणते, एवढंही पुरेल. त्याआधी शरीराकडे बघा. कोपर लागलं की छाती धडधडते, कान तापतात, दात आवळले जातात. खतपाणी घातलं नाही तर हे थोड्या वेळात ओसरतं. पण मनातल्या मनात भांडण पुन्हा लावलं की धडधड पुन्हा सुरू. चार आकडे मोजत श्वास घ्या, आठ मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. गर्दीत हात हलवायला जागा नसली तरी हे जमतं.

आणि एक. मला वाटतं, तुम्हाला कोपरापेक्षा स्वतःचं गप्प राहणं जास्त लागलंय. 'मला अपमान वाटला' असं स्वतःशी स्पष्ट म्हणा. भरल्या गाडीच्या दरवाजात तुम्ही भांडण वाढवलं नाहीत, हा शहाणपणा होता. त्याला भित्रेपणा समजू नका.

प्रश्न: मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते. वरच्या वहिनी कुंड्यांना पाणी घालतात ते मातीसकट माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. तीनदा सांगितलं. आई म्हणते, सोडून दे. म्हणजे दरवेळी मीच सोसायचं का?

उत्तर: मुळीच नाही. तुमचा राग रास्त आहे आणि तो काहीतरी करायला सांगतोय. तीनदा सांगितलंत ते कसं? डागाळलेली चादर हातात घेऊन, जिन्यात, सकाळच्या घाईत? तेव्हा त्यांनाही फक्त तुमचा आवाज ऐकू आला असणार. एखाद्या दुपारी निवांत जा आणि एकच मागणी करा: कुंड्यांखाली ताटल्या ठेवा, किंवा मी कपडे वाळत घालायच्या आत, सातच्या आधी पाणी घाला. नाहीच ऐकलं तर सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मग मात्र तो विषय लिफ्टमध्ये, भाजी घेताना, बहिणीला फोनवर पुन्हा काढायचा नाही. अर्ज गेला, तुमचं काम झालं. आईंचं 'सोडून दे' या टप्प्यापासून लागू होतं.

प्रश्न: यजमान कामावरून आले की तासभर साहेबांबद्दल बोलतात. मन मोकळं केलं की बरं वाटतं म्हणून ऐकून घेते, पण त्यांचा पारा उलट चढतो.

उत्तर: तुम्ही बरोबर हेरलंत. एकदा सांगणं वेगळं आणि उगाळणं वेगळं. सहाणेवर मात्रा जितकी घासाल तितकी उतरते, रागाचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले. सगळ्यांत जास्त राग त्यांच्यातच उरला. काही न करता शांत बसलेले त्यांच्यापेक्षा निवळलेले होते. 'वाफ बाहेर काढा' हा सल्ला मी म्हणूनच देत नाही.

पहिली दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून पूर्ण ऐका, सल्ला देऊ नका. 'हो ना, तो माणूसच तसला' असं तेलही ओतू नका. मग विचारा, 'यातलं उद्या काही करता येईल का?' असेल तर लिहून ठेवायचं. नसेल तर चपला घालून दोघांनी खाली एक फेरी मारून यायचं.

प्रश्न: रिक्षावाला नाही म्हणाला, दुधाची पिशवी गळली, कशावरही भडकते. तीन महिने झाले. पूर्वी मी अशी नव्हते.

उत्तर: मग याचं खापर स्वभावावर फोडू नका. पहाटे पाणी भरायला उठून रात्री बारापर्यंत जागत असाल तर आधी झोप बघा. थायरॉइड, पाळी जाण्याच्या आसपासचे बदल आणि नैराश्य यांतही अशी चिडचिड दिसते. फॅमिली डॉक्टरांना दाखवा. बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन मोफत लागतो. डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराच्या झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा कागदावर लिहून न्या.