सांडणीचं दूध कच्चं द्यावं का?

ताई, यवतमाळजवळ उतरलेल्या रबाऱ्यांच्या, म्हणजे उंट पाळणाऱ्या भटक्या लोकांच्या, डेऱ्यावर तुम्हाला सांडणीचं म्हणजे उंटिणीचं दूध मिळतंय, त्यात जंतू मारायचा गुण आहे असं ऐकलंय, म्हणून मुलाच्या जुलाबावर ते कच्चंच द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी उत्तर सांगतो: देऊ नका.

गुण आहे, ती थाप नाही. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. एकदा कच्छहून आणलेल्या दुधाला घरी विरजण लावलं. शेजारच्या पातेल्यात गाईच्या दुधाचं दही घट्ट लागलं होतं. हे मात्र जेमतेम आंबूस, भांडं जरा कललं की ताकासारखं ओघळणारं. बायको म्हणाली, "विरजण मेलं वाटतं." अगदीच चूक नव्हतं तिचं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी कप्पा-केसीन या दुधात कमी, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन तर नसतंच, म्हणून ते घट्ट धरत नाही. पण विरजणातले जंतूही त्यात रेंगाळतात. त्यातली दोन प्रथिनं हे काम करतात. लॅक्टोफेरिन दुधातलं लोह पकडून ठेवतं आणि जंतूंची उपासमार होते. लायसोझाइम त्यांची भिंतच फोडतं.

मात्र लायसोझाइमचा जोर चालतो तो बाहेरून उघडी भिंत असलेल्या जंतूंवर. जुलाब करू शकणारा ई. कोलाय आणि ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार करणारा ब्रुसेला या जंतूंना वरून आणखी एक आवरण असतं. उंटांमध्ये ब्रुसेलोसिस आढळतो आणि कच्च्या दुधातून तो माणसाला होतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो, सांधे धरतात, निदान व्हायला महिने जातात. दुधातलं औषध दुधातल्याच जंतूला पुरत नाही, ते पोराच्या पोटात जाऊन काय करणार? प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मेले म्हणजे आतड्यातही मरतील, असं नसतं.

आणि तापवलं की सगळं जातं, हेही खरं नाही. 65 अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवलं तर ब्रुसेला मरतो, पण लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन बहुतेक टिकतात. 85 ला लॅक्टोफेरिन संपतं. म्हणून पाण्याच्या पातेल्यात दुधाचं भांडं ठेवा, थर्मामीटर दुधात बुडवा, सतत ढवळा, अर्धा तास झाला की लगेच गार पाण्यात. थर्मामीटर नसेल तर सरळ उकळा. गुण गेले तर गेले.

जुलाबांसाठी ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा, झिंकचं तेच सांगतील. मूल मलूल दिसलं, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर आजच जा.