दुमजली घरात वाय-फायची रेंज कशी वाढवावी?

प्रश्न : आमचा राउटर तळमजल्यावर, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात टीव्हीच्या मागे ठेवलेला आहे. वरच्या मजल्यावरील मागच्या खोलीत मोबाइलवर वाय-फायच्या दोन दांड्या दिसतात, तरीही व्हिडिओ कॉल सारखा तुटतो. जास्त ताकदीचा नवा राउटर घ्यावा, की घरात पडून असलेला जुना राउटर ऍक्सेस पॉइंट (मुख्य राउटरला जोडून दुसऱ्या जागी वाय-फाय देणारे उपकरण) म्हणून वापरता येईल?

उत्तर : नवा राउटर घेण्याची घाई करू नये. वाय-फायमध्ये राउटर आणि मोबाइल दोघांनाही एकमेकांचे ऐकू यावे लागते. राउटरची ताकद वाढवली तरी मोबाइलचा छोटा प्रक्षेपक आहे तेवढाच राहतो, त्यामुळे दांड्या दिसतात, पण मोबाइलने पाठवलेले राउटरपर्यंत धड पोहोचत नाही आणि कॉल तुटतो. दांड्यांवर एरवीही फारसा भरवसा ठेवू नये, कारण किती सिग्नलला किती दांड्या हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. वाय-फाय तपासणारे एखादे ॲप घेऊन डीबीएममधला (सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककातला) आकडा पाहावा. तो उणे ६७ किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, असेल तर व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो, उणे ७५ च्या खाली गेला की अडचणी सुरू होतात. आणि हा आकडा ३ ने घसरला म्हणजे मिळणारी शक्ती निम्मी झाली, हे लक्षात ठेवावे.

खर्च करण्यापूर्वी राउटर टीव्हीमागून बाहेर काढावा. धातूचा मोठा पत्रा, आरसा, पाण्याची टाकी आणि सळयांचा काँक्रीट स्लॅब हे सिग्नलचे खरे शत्रू आहेत. लाकडी दार त्यामानाने काहीच नाही. राउटर घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि मोकळ्या जागी असावा. अँटेना बंदुकीसारखा हव्या त्या खोलीवर रोखण्याची सवय अनेकांना असते, पण त्याने उलटाच परिणाम होतो. दांडीसारख्या अँटेनाचा सिग्नल तिच्या टोकातून नव्हे, तर तिच्या चहूबाजूंना पसरतो आणि टोकाच्या दिशेने सर्वांत क्षीण असतो. अँटेना उभा असेल तर त्याच मजल्यावर रेंज चांगली मिळते, मात्र बरोबर वरच्या खोलीत ती कमी पडते. म्हणून दोन अँटेना असल्यास एक उभा ठेवून दुसरा आडवा करून पाहावा.

एवढे करूनही मागच्या खोलीतला आकडा सुधारला नाही, तर जुना राउटर अवश्य वापरावा. मात्र तो केबलने जोडावा. बिनतारी रिपीटर लावणे सोपे असते, पण एकाच रेडिओवर ऐकणे आणि पुढे पाठवणे अशी दोन्ही कामे करणाऱ्या रिपीटरमुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथे सिग्नल आधीच मेला आहे तिथे तो लावला, तर तो पुढे तरी काय पाठवणार? साधी कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरासाठी अंतराचा प्रश्नच उरत नाही.

जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऍक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा, काम तिथेच संपते. नसेल तर तो मुख्य राउटरला जोडण्याआधी संगणकाला जोडून पुढील बदल करावेत. मुख्य राउटरचा नेटवर्कमधला पत्ता (आयपी ॲड्रेस) १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ असा त्याच मालिकेतला, पण मुख्य राउटर इतर उपकरणांना वाटत असलेल्या पत्त्यांबाहेरचा पत्ता द्यावा. त्यानंतर त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावे, नाहीतर दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतील आणि कुठल्या उपकरणाचे इंटरनेट केव्हा बंद पडेल याचा पत्ता लागणार नाही. मग केबल मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेतून) जुन्याच्याही लॅन पोर्टमध्येच लावावी. बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीचा वॅन पोर्ट रिकामा ठेवावा. सुरक्षेसाठी दोन्हीकडे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही वाय-फाय सुरक्षित ठेवणारी पद्धत निवडावी. जुन्यात फक्त डब्ल्यूईपी ही सहज फोडता येणारी जुनी पद्धतच उपलब्ध असेल, तर तो राउटर वापरू नये.

चॅनेलचे (राउटर वापरतो त्या लहरींच्या पट्ट्याचे) म्हणाल तर २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे चॅनेल आहेत. एका राउटरला १ दिला तर दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी भिंतींमधून तो लवकर क्षीण होतो, त्यामुळे ऍक्सेस पॉइंट ज्या खोलीत वापर आहे तिथेच किंवा तिच्या दाराबाहेर असावा.

प्रश्न : असा ऍक्सेस पॉइंट मी बसवला आहे, नाव आणि पासवर्डही सारखेच ठेवले आहेत. तरीही वर गेल्यावर मोबाइल खालच्याच राउटरला चिकटून राहतो. असे का होते?

उत्तर : कुठल्या राउटरला जोडायचे हा निर्णय मुख्यतः मोबाइल घेतो, आणि जुनी जोडणी अगदीच निकामी होईपर्यंत अनेक मोबाइल ती सोडत नाहीत. खालच्या राउटरची प्रक्षेपण शक्ती ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणावी. रेंज वाढवण्यासाठी शक्ती कमी करणे विचित्र वाटेल, परंतु वर पोहोचणारा खालचा सिग्नल पुरेसा दुबळा झाला की मोबाइल दुसरा शोधू लागतो. मात्र बदल केल्यावर तळमजल्यावरच्या सर्वांत दूरच्या खोलीत जाऊन डीबीएमचा आकडा पुन्हा पाहावा. तो उणे ६७ च्या खाली गेला असेल, तर शक्ती थोडी वाढवावी.