नवरा जर्मन पासपोर्टवर, मी भारतीय, मग बाळ कोणाचं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नवऱ्याने जर्मन नागरिकत्व घेतलंय, तुझा पासपोर्ट भारतीय, पाचवा महिना चालू आहे, व्हिसा आलाय, आणि तुला विचारायचंय की बाळाला भारतीय ठेवावं की जर्मन, डिलिव्हरी साताऱ्याला माहेरी केली तर काही फरक पडेल का, आणि वडिलांच्या जमिनीचं पुढे काय. २०२१ मध्ये मी अगदी याच जागी होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, निवांत वाच.

सगळ्यात आधी, जे मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं. जर्मनीच्या बाजूने तुला निवड करायचीच नाहीये. बाप जर्मन आहे म्हटल्यावर बाळ जन्मतःच जर्मन, त्यासाठी अर्ज नाही, फी नाही, आणि तुमचं लग्न झालेलं असल्यामुळे बापाने वेगळं काही लिहून द्यायचीही गरज नाही. मग तुमच्या हातात काय उरतं, तर भारताच्या बाजूला काय करायचं तेवढंच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ४ नुसार परदेशात जन्मलेल्या बाळाच्या आईवडिलांपैकी एक जण जरी भारतीय नागरिक असेल तरी बाळ भारतीय होऊ शकतं, पण जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करायला लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं दोघांनी लिहून द्यायला लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, म्हणजे ती तारीख डोक्यात पक्की ठेव.

आता यात अडकायला कसं होतं ते सांगते, कारण आम्ही जवळजवळ अडकलोच होतो. माझ्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर एकच विचारलं होतं, नात आपलीच राहील ना गं, आणि मी तेवढ्यावर भारतीय पासपोर्टचा फॉर्म भरून तयार ठेवला. मग सहज म्हणून इथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात विचारलं की हिला रेसिडेन्स कार्ड कधी मिळेल, तर तिथल्या बाई म्हणाल्या की तुमची मुलगी जर्मन आहे, तिला कार्ड देताच येत नाही, जर्मन माणसाला जर्मनीचा व्हिसा कसा देणार. म्हणजे भारतीय पासपोर्टवर मुलगी मुंबईला गेली असती आणि परत येताना चेक-इन काउंटरवर पासपोर्टमध्ये जर्मनीचा व्हिसा नाही म्हणून तिला विमानातच घेतलं नसतं. आणि तेव्हा घाईघाईने जर्मन पासपोर्ट काढला असता तर दूतावासात लिहून दिलेलं खोटं ठरलं असतं. दोन्ही पासपोर्ट गुपचूप ठेवणारी माणसं मला माहीत आहेत, तुला अगदी कळकळीने सांगते, ते करू नकोस, बाळाच्या नावावर असली भानगड पहिल्याच वर्षी कशाला चिकटवायची. शिवाय कायदा म्हणतो की अशा मुलाने सज्ञान झाल्यावर ६ महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व जातं, म्हणजे जे आपण आज ठरवतो ते अठराव्या वर्षी त्याच्याच गळ्यात येणार. जर्मनीला स्वतःला दुहेरी नागरिकत्व चालतं, २७ जून २०२४ पासून तर सरसकट, अडचण आपल्या बाजूने आहे.

म्हणून आम्ही जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला भारतात ये-जा करायला आणि राहायला मिळणारं कार्ड, असं केलं आणि आजही मला ते बरोबर वाटतं. बाबांना समजवायला वेळ लागला.

जमिनीचं नीट समजून घे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज यात आहेत. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, पण भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारसाने येऊ शकते आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या माणसालाच विकायची. आणि गंमत म्हणजे तू स्वतः भारतीय पासपोर्ट ठेवून इथे राहायला लागलीस की एनआरआय म्हणून तुलाही शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येणार नाही, तुझ्यासाठीही वारसाचाच रस्ता. मग फक्त जमिनीसाठी बाळाला भारतीय ठेवून काय मिळणार? वडील बक्षीसपत्र करायचं म्हणत असतील तर त्यांना आधी वकिलाकडे पाठव.

जिथे खरंच नुकसान आहे तेही सांगते. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट, जेईईसारख्या परीक्षांतून फक्त एनआरआय किंवा खास वाढीव जागांवर प्रवेश मिळतो, जनरल सीट नाही. उद्या तुम्ही मूल दहा वर्षांचं असताना पुण्याला परत आलात आणि त्याला एमबीबीएस करायचं असलं तर फी ऐकून घाम फुटेल. त्यामुळे ४-५ वर्षांत नक्की परतायचंच असं तुमचं ठरलेलं असेल तर नवऱ्याशी याच मुद्द्यावर बोल. अर्थात दार कायमचं बंद होत नाही, ५ वर्षं ओसीआय असलेला सज्ञान माणूस अर्ज करायच्या आधी १२ महिने भारतात राहिलेला असेल तर भारतीय नागरिकत्व मागू शकतो, फक्त जर्मन सोडायला लागतं.

आणि किंडरगेल्ड, म्हणजे मुलांचा महिन्याचा भत्ता, तो बाळाच्या पासपोर्टवर अवलंबून नसतो, त्यासाठी काही ठरवू नकोस.

माहेरच्या डिलिव्हरीबद्दल. मन काय म्हणतं ते मला कळतं, माझी आई विमानात बसायला घाबरते म्हणून माझं पहिलं बाळंतपण तिच्याशिवाय झालं आणि ते अजून टोचतं. पण कागदांच्या दृष्टीने ते अवघड आहे. भारतात जन्मलं तर आई भारतीय म्हणून बाळ जन्माने भारतीय आणि बापामुळे जर्मनही, मग त्याचा जर्मन पासपोर्ट मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटमधून काढायचा, तुमची आडनावं वेगळी असतील तर आधी बाळाच्या आडनावाची घोषणाही लागू शकते, मग जर्मन पासपोर्टवर भारतातून बाहेर पडायला एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या भारतातल्या सरकारी ऑफिसची एक्झिट परमिट, आणि तोवर तुझ्या व्हिसाची मुदत संपायची भीती. एकदा इथे येऊन जर्मनीत राहायचं परमिट घेऊन परत गेलीस तरी ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलीस की ते साधारणपणे आपोआप संपतं. त्यापेक्षा आईला इकडे बोलाव, तिच्या व्हिसाचं आत्ताच बघ. आणि तू स्वतः निघायचं तर २८ आठवड्यांच्या आत निघ, नंतर काही विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागायला लागतात.

कागदांचं मात्र आजच सुरू कर. इथे जन्माची नोंद स्टांडेसआम्ट म्हणजे नोंदणी कार्यालयात होते, आणि माझ्या लग्नाच्या दाखल्यावर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, एवढ्यावरून मुलीच्या जन्मदाखल्याला चार महिने लागले. तोवर नोंदवहीचा एक उतारा मिळाला ज्यावर आईची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा होता. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकीच्या कागदावर ते वाचून मी त्या ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तुझ्या व्हिसाच्या वेळी लग्नाचा दाखला तपासला गेला असेल तर त्या तपासणीची कॉपी सोबत आण, तुझा जन्मदाखला आण, सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते अक्षर न् अक्षर बघ. बाळाचा जन्मदाखला आंतरराष्ट्रीय नमुन्यातला माग, त्यात इंग्रजीही असतं, ओसीआयला भाषांतराचा खर्च वाचतो.

पासपोर्ट साधा लाल राइजेपासच काढायचा, लहान मुलांचा किंडरराइजेपास २०२४ पासून बंद झालाय. साडेसदतीस युरो, ६ वर्षं चालतो. मग ओसीआय, त्यात सहीच्या चौकटीत बाळाचा अंगठा घ्यायचा असतो, झोपेत असताना घे, जागेपणी मूठ उघडत नाहीत. ओसीआय यायला वेळ लागला आणि बारशाला जायचंच असेल तर बाळासाठी ई-व्हिसा काढता येतो. नवऱ्याने स्वतःचा भारतीय पासपोर्ट सरेंडर करून सर्टिफिकेट घेतलंय का ते आज रात्रीच विचार, त्याची ओसीआय, बाळाची ओसीआय, सगळीकडे तो कागद मागू शकतात.

आणि तुम्ही कुठल्या शहरात येताय ते सांग, कारण पोहोचायच्या आधीच हेबामे म्हणजे सुईणबाई शोधायला लागते, पाचव्या महिन्यात आधीच उशीर झालाय. माझी जी होती ती खूप मायेची होती, तुमच्या भागात येत असेल तर तिला आजच फोन करते.